शूमन योजना : आधी पत्रिका, मग याद्या

जुनीवही (धागालेखक)

युरोपीय संघाच्या जन्माची गोष्ट सांगणारे बहुतेक जण ९ मे १९५० या तारखेपाशी सुरुवात करतात आणि तिथेच थांबतात. फ्रान्सचे परराष्ट्रमंत्री रोबेर शूमन यांनी पॅरिसमध्ये परराष्ट्र मंत्रालयाच्या घड्याळ-दालनात एक निवेदन वाचले, फ्रान्स आणि जर्मनी यांचा कोळसा व पोलाद एका सामाईक उच्चाधिकरणाच्या हाती सोपवण्याचा प्रस्ताव मांडला आणि दोन पिढीजात वैऱ्यांचे मनोमीलन झाले, अशी ती सुटसुटीत कथा आहे. मात्र प्रत्यक्ष करारावर सह्या झाल्या त्या १८ एप्रिल १९५१ रोजी. मधल्या अकरा महिन्यांत काय झाले याविषयी मराठीत फारसे वाचायला मिळत नाही, म्हणून हा धागा काढतो आहे.

माझे म्हणणे थोडक्यात असे आहे. आपल्याकडे लग्नाच्या याद्या आधी होतात, देणेघेणे ठरते आणि मग पत्रिका छापायला जाते. शूमन योजनेत हा क्रम मुद्दाम उलटा केला गेला. पत्रिका आधी वाटली आणि याद्या मागाहून झाल्या. या योजनेमागचा मेंदू असलेल्या झाँ मोने यांची खरी करामत त्या निवेदनातल्या उदात्त वाक्यांपेक्षा या उलट्या क्रमात होती, असे मला वाटते.

पार्श्वभूमी सांगणे आवश्यक आहे. लॉरेनच्या खनिजात लोखंडाचे प्रमाण कमी असल्यामुळे फ्रेंच भट्ट्यांना कोक (कोळसा भाजून केलेले इंधन) भरपूर लागे आणि त्यासाठी जर्मनीतल्या रूर खोऱ्यातील कोळशावाचून गत्यंतर नव्हते. युद्धानंतर हा कोळसा मिळत राहावा म्हणून फ्रान्सने १९४९ मध्ये रूरसाठी एक आंतरराष्ट्रीय प्राधिकरण उभे करवले होते, जे किती कोळसा जर्मनीत राहील आणि किती बाहेर जाईल हे ठरवत असे. जर्मनीच्या पोलाद उत्पादनावर वर्षाला १ कोटी ११ लाख टनांची मर्यादाही होती. परंतु अमेरिकेला पश्चिम जर्मनी लवकर पायावर उभा राहायला हवा होता, त्यामुळे ही बंधने फार काळ टिकणार नाहीत हे पॅरिसमध्ये सर्वांना कळून चुकले होते. सप्टेंबर १९४९ मध्ये अमेरिका आणि ब्रिटन यांच्या परराष्ट्रमंत्र्यांनी शूमन यांच्यावरच काम टाकले की जर्मनीविषयी पुढचे धोरण तुम्ही मांडा. त्यानंतरची लंडनची बैठक १० मे १९५० रोजी ठरलेली होती. म्हणजे ९ मे ही तारीख कोणा ज्योतिषाने काढलेला मुहूर्त नव्हता. दुसऱ्या दिवशी शूमन यांना रिकाम्या हाताने लंडनला जायचे नव्हते, एवढेच त्यामागचे कारण होते.

मोने तेव्हा फ्रान्सच्या नियोजन आयोगाचे प्रमुख होते. ते ना मंत्री होते, ना परराष्ट्र सेवेतले अधिकारी. कोन्याकच्या व्यापाऱ्याच्या घरातला हा माणूस विद्यापीठाची पायरीही चढलेला नव्हता. त्यांनी एत्येन इर्श, पिएर उरी आणि कायद्याचे प्राध्यापक पॉल रोयटेर यांना हाताशी धरून मसुद्यावर मसुदे केले. नवव्या मसुद्यावर काम संपले. त्यातली एक प्रत शूमन यांचे विश्वासू सहकारी बेर्नार क्लापिए यांच्या हाती पडली. शूमन शनिवार-रविवारसाठी मेट्झजवळच्या आपल्या गावी, सी-शाझेल येथे निघाले होते. क्लापिए यांनी कागद त्यांच्या हाती दिला. सोमवारी सकाळी पॅरिसच्या पूर्व स्थानकावर गाडीतून उतरताना शूमन यांनी सांगितले की आपण तो वाचला आहे आणि आपण तो स्वीकारतो. एखाद्या राष्ट्राचे धोरण फलाटावर ठरल्याची इतकी स्पष्ट नोंद असलेली उदाहरणे फार थोडी असतील.

पुढच्या आठ दिवसांत कोणाला केव्हा सांगायचे याचा हिशेब विलक्षण काटेकोर होता. अमेरिकेचे परराष्ट्रमंत्री डीन अ‍ॅचिसन ७ मे रोजी पॅरिसमध्ये होते, त्यांना विश्वासात घेतले गेले. हा एक प्रचंड उत्पादकसंघच (कार्टेल, म्हणजे आपसांत किमती ठरवणारी उत्पादकांची युती) तर नाही ना, अशी शंका त्यांना प्रथम आली होती. ९ मे रोजी सकाळी शूमन यांचा दूत रोबेर मिश्लिश पश्चिम जर्मनीच्या राजधानीत, बॉनला, पत्रे घेऊन पोहोचला. चॅन्सेलर कोनराड आडेनाउअर मंत्रिमंडळाच्या बैठकीत होते; पत्र आत नेण्यात आले आणि त्यांनी तत्काळ होकार कळवला. तो होकार दूरध्वनीवरून पॅरिसला आला तेव्हा फ्रेंच मंत्रिमंडळाची बैठक संपत आली होती. मग शूमन यांनी विषय काढला आणि मंजुरी मिळवली. ब्रिटनला मात्र आगाऊ कल्पना दिली गेली नाही. संध्याकाळी पत्रकारांपैकी एकाने विचारले की ही अज्ञातात उडी म्हणायची का, तेव्हा शूमन यांनी शांतपणे ते मान्य केले.

इथपर्यंतची कथा परिचयाची आहे. याद्यांविषयी प्रतिसादांत लिहीनच, पण इतरांनीही भर घालावी.


उत्तररात्र

उत्तम विषय. मला एक प्रश्न पडतो. ब्रिटन त्या वेळी पश्चिम युरोपातला सर्वांत मोठा कोळसा आणि पोलाद उत्पादक होता. त्याला वगळून ही योजना पुढे न्यायची असे आधीच ठरले होते की ब्रिटन स्वतःहून बाहेर राहिला? इंग्रजी लिखाणात दोन्ही मते आढळतात आणि प्रत्येक जण ठामपणे बोलतो.


ताळेबंद

उत्तररात्र, दोन्ही गोष्टी थोड्या थोड्या खऱ्या आहेत, आणि धागालेखकांचा पत्रिका-याद्यांचा दाखला इथेच चपखल बसतो.

मोने ब्रिटनच्या विरोधात नव्हते. एप्रिल १९४९ मध्ये त्यांनी ब्रिटिश नियोजनाचे प्रमुख एडविन प्लाउडेन यांना आपल्या घरी बोलावून दोन्ही अर्थव्यवस्था जोडण्याविषयी चर्चा केली होती. ती निष्फळ ठरली. त्यातून ते जे शिकले ते असे, की ब्रिटिशांशी तपशिलावर चर्चा सुरू केली की तत्त्व विरघळून जाते. म्हणून मे १९५० च्या अखेरच्या आठवड्यात पॅरिस आणि लंडन यांच्यात जी पत्रापत्री झाली तिचा सगळा रोख एका वाक्यावर होता. फ्रान्सचे म्हणणे असे, की बोलणी सुरू होण्यापूर्वीच सहभागी देशांनी उत्पादन एकत्र करण्याचे आणि बंधनकारक निर्णय घेणारे उच्चाधिकरण स्थापण्याचे उद्दिष्ट स्वीकारले पाहिजे. लंडनचे म्हणणे असे, की आम्ही आनंदाने बोलणी करू, पण काय कबूल करतो आहोत हे कळल्याखेरीज कबुली देणार नाही. वरवर पाहता ब्रिटनची भूमिका शहाणपणाची वाटते. घर पाहिल्याशिवाय बयाणा कोण देईल?

१ जून रोजी फ्रान्सने निरोप धाडला की २ जूनच्या रात्री आठपर्यंत उत्तर हवे. त्या वेळी लंडनमध्ये काय परिस्थिती होती ते पाहा. पंतप्रधान अ‍ॅटली आणि अर्थमंत्री क्रिप्स दोघेही सुट्टीवर होते, आणि तेही फ्रान्समध्येच. परराष्ट्रमंत्री बेव्हिन रुग्णालयात होते. कारभार हर्बर्ट मॉरिसन यांच्याकडे होता. त्यांना शोधत अधिकारी आयव्ही नावाच्या रेस्टॉरंटमध्ये पोहोचले. डरॅमचे खाणकामगार हे चालवून घेणार नाहीत, असे त्यांनी तिथेच सांगून टाकले. दुसऱ्या दिवशी मंत्रिमंडळाने नकारावर शिक्का मारला. मजूर सरकारने कोळसाखाणींचे राष्ट्रीयीकरण १९४७ मध्येच केले होते, पोलादाचा कायदाही नुकताच संमत झाला होता; इतक्या कष्टाने सरकारच्या ताब्यात आणलेले उद्योग लगेच एका परक्या मंडळाच्या स्वाधीन करणे त्या पक्षाला राजकीयदृष्ट्या अशक्य होते. त्यामुळे मॉरिसन यांच्या बोलण्याला मी केवळ कूपमंडूकपणा म्हणणार नाही.

एक गोष्ट मात्र ब्रिटनच्या बाजूने बोलणारे सहसा सांगत नाहीत. नेदरलँड्सलाही तीच शंका होती. डचांनी तत्त्व स्वीकारले, पण सोबत लेखी राखीव शर्त जोडली की प्रत्यक्षात हे तत्त्व अमलात आणण्याजोगे नाही असे आढळल्यास आम्हाला माघार घेण्याची मोकळीक राहील. फ्रान्सने ती खपवून घेतली. म्हणजे दार किलकिले होते. ३ जूनच्या संयुक्त निवेदनावर फ्रान्स, पश्चिम जर्मनी, इटली, बेल्जियम, नेदरलँड्स आणि लक्झेंबर्ग ही सहाच नावे राहिली.


पिंपळपार

ताळेबंदकाका, ही राखीव शर्त ब्रिटनने मागितली असती तर फ्रान्सने दिली असती का, याविषयी मला शंका आहे. हॉलंडची राखीव शर्त परवडते. ब्रिटनची परवडत नाही, कारण ब्रिटन ती वापरण्याची शक्यता असते.

शिवाय मूळ लेखाविषयी माझा एक आक्षेप आहे. मोने यांची करामत, शूमन यांचे धैर्य, आडेनाउअर यांचा दूरदर्शीपणा हे सगळे ठीक आहे, परंतु सहाही देश त्या काळात मार्शल योजनेच्या, म्हणजे अमेरिकी मदतीच्या, पैशांवर जगत होते आणि पश्चिम जर्मनी तर कायद्याने स्वतंत्रही नव्हता. त्याला स्वतःचे परराष्ट्र मंत्रालय मार्च १९५१ मध्ये मिळाले. तोवर मित्रराष्ट्रांच्या उच्चायुक्तांची संमती घेतल्याखेरीज त्याला या परिषदेला प्रतिनिधीही पाठवता येत नव्हता. ज्याचे हात बांधलेले आहेत त्याच्याशी समानतेने वाटाघाटी झाल्या असे म्हणणे मला थोडे भाबडेपणाचे वाटते.


जुनीवही

पिंपळपार, आक्षेप महत्त्वाचा आहे, पण तोच धागा दुसऱ्या टोकाने ओढून पाहा. हात बांधलेल्या माणसाला समानतेची किंमत सर्वांत जास्त असते. २३ मे १९५० रोजी मोने बॉनला जाऊन आडेनाउअर यांना भेटले तेव्हा चॅन्सेलरांना प्रामुख्याने हीच गोष्ट हवी होती, की जर्मनी या मेजावर पराभूत म्हणून नव्हे तर बरोबरीचा म्हणून बसेल. त्यांनी शिष्टमंडळाचे नेतृत्व वाल्टर हालश्टाइन या कायद्याच्या प्राध्यापकाकडे दिले. हे गृहस्थ युद्धाच्या शेवटी अमेरिकेत युद्धकैदी होते आणि छावणीतल्या कैद्यांसाठी त्यांनी तिथे विद्यापीठासारखे वर्ग चालवले होते. उद्योगपतींपैकी कोणाला न पाठवता हालश्टाइन यांना पाठवणे हाच एक राजनैतिक संदेश होता.

२० जून १९५० रोजी त्याच घड्याळ-दालनात परिषद सुरू झाली. मोने यांनी पहिल्याच दिवशी सांगितले की इथे आपापले फायदे पदरात पाडून घेण्यासाठी बसायचे नाही, सर्वांचा फायदा शोधायचा आहे. हे वाक्य ऐकून सराईत मुत्सद्दी मनातल्या मनात हसले असतील. आणि पाचच दिवसांनी, २५ जूनला, कोरियात युद्ध पेटले.

या युद्धाने फासे उलटे पडले. पोलादाची मागणी वाढली, किमती चढल्या. सप्टेंबरमध्ये अ‍ॅचिसन यांनी जर्मनीला पुन्हा शस्त्रसज्ज करण्याचा विषय उघडपणे काढला. मे महिन्यात जर्मनीला शूमन योजना हा बंधनांतून सुटण्याचा एकमेव मार्ग वाटत होता. सप्टेंबरात रूरचे कारखानदार म्हणू लागले की आता आपली गरज सगळ्यांनाच आहे, मग एवढी घाई कशाला? फ्रान्सला ऑक्टोबरमध्ये सामाईक युरोपीय सैन्याची योजना मांडावी लागली ती याच कोंडीतून. पुढे तीच योजना ३० ऑगस्ट १९५४ रोजी फ्रेंच संसदेने बाजूला सारली, पण तो वेगळ्या धाग्याचा विषय आहे.


ताळेबंद

आता थोडे खर्चाच्या बाजूने लिहितो, कारण आयुष्यभर मी उत्पादनखर्चाचे हिशेब तपासले आणि या करारातला मला सर्वांत रोचक वाटलेला भाग बेल्जियमच्या कोळशाचा आहे.

बेल्जियमच्या दक्षिणेकडच्या खाणी, विशेषतः बोरिनाज भागातल्या, जुन्या, खोल आणि वेड्यावाकड्या थरांच्या होत्या. तिथला एक टन कोळसा वर काढायला रूरपेक्षा बराच जास्त खर्च येई. सामाईक बाजारपेठ उघडताच, सीमेवरचे शुल्क आणि भेदभावाचे दर गेले की या खाणी बुडणार हे उघड होते. बेल्जियन शिष्टमंडळाचे प्रमुख माक्स स्युटेन्स यांनी परिषदेत हे सरळ मांडले. आता पेच पाहा. बेल्जियमला कायमची सूट दिली तर सामाईक बाजारपेठ नावापुरती राहते. न दिली तर बेल्जियमची संसद करार फेटाळते.

जो तोडगा निघाला तो कोणाही हिशेबनीसाने दाद द्यावी असा होता. पाच वर्षांच्या संक्रमणकाळात ज्या देशांचा सरासरी उत्पादनखर्च कमी आहे, म्हणजे जर्मनी आणि नेदरलँड्स, त्यांच्या खाणींनी विकल्या जाणाऱ्या प्रत्येक टनामागे एक पट्टी भरायची. ही पट्टी सुरुवातीला जास्तीत जास्त दीड टक्का आणि मग दरवर्षी उतरती. तो पैसा बेल्जियमच्या खाणींना मिळणार, पण अट अशी की बेल्जियमच्या सरकारनेही निदान तेवढीच रक्कम आपल्या तिजोरीतून घालायची. म्हणजे मदत मिळेल, पण फुकट नाही, आणि तिला शेवटची तारीख आहे. शेजाऱ्याच्या खाणीसाठी जर्मन खाणीने पैसे भरायचे, आणि तेही युद्ध संपून सहा वर्षे होत नाहीत तोच! जर्मनांनी हे मान्य केले त्याचे श्रेय भावनेला देऊ नका. रूर प्राधिकरण बरखास्त होणार असेल तर ही पट्टी त्यांना स्वस्त वाटली.

इटलीचे दुखणे वेगळे होते. कोळसा नाही, खनिज नाही, आणि समुद्रकाठी नवे पोलाद कारखाने उभे करायचे आहेत. इटलीच्या शिष्टमंडळाचे प्रमुख पाओलो ताव्हियानी यांनी अल्जीरियाचे लोहखनिज आपल्याला फ्रान्सच्याच अटींवर मिळावे असा आग्रह धरला, आणि पोलादावरचे संरक्षक शुल्क पाच वर्षे ठेवून घेतले. इटलीकडे देण्यासारखी एक गोष्ट भरपूर होती, ती म्हणजे माणसे. जून १९४६ मध्येच इटलीने बेल्जियमशी करार केला होता, खाणीत कामगार द्यायचे आणि त्या बदल्यात कोळसा घ्यायचा. या व्यवहाराची खरी किंमत ८ ऑगस्ट १९५६ रोजी बेल्जियममधल्या मार्सिनेल येथे दिसली. खाणीतल्या आगीत २६२ माणसे गेली, त्यांपैकी १३६ इटालियन होती. वाटाघाटींच्या कागदांत जिथे 'कामगारांची मुक्त ये-जा' असे लिहिलेले असते तिथे मला ही खाण आठवते.


उत्तररात्र

हे वाचून अंगावर काटा आला. एक भाषेचा प्रश्न विचारते. 'सुप्रानॅशनल' या शब्दाला आपण मराठीत काय म्हणावे? 'आंतरराष्ट्रीय' म्हटले तर मुद्दाच हरवतो. आणि हे सहा देशांचे प्रतिनिधी आपसांत बोलत कोणत्या भाषेत?


जुनीवही

मी 'राष्ट्रोपरी' वापरतो. 'अधिराष्ट्रीय' हाही शब्द कुठे कुठे दिसतो, पण तो मला जरा कायद्याच्या पुस्तकातला वाटतो.

भाषेविषयी सांगायचे तर परिषदेचे काम फ्रेंचमध्ये चाले आणि या कराराची अधिकृत मानली गेलेली प्रतही केवळ फ्रेंचमध्ये होती. पुढे १९५७ च्या रोमच्या करारांना चार भाषांचा दर्जा मिळाला तो वेगळा. परंतु पडद्याआडची भाषा पाहिली तर चित्र निराळे आहे. शूमन यांचा जन्म लक्झेंबर्गमध्ये १८८६ साली झाला, ते मेट्झमध्ये वकिली करत तेव्हा ते शहर जर्मन साम्राज्यात होते आणि पहिले महायुद्ध संपेपर्यंत ते स्वतः जर्मन नागरिक होते. आडेनाउअर ऱ्हाइनलँडचे. इटलीचे पंतप्रधान दे गास्पेरी ट्रेंटोच्या परिसरातले, ऑस्ट्रियाच्या साम्राज्यात वाढलेले आणि व्हिएन्नाच्या संसदेत बसलेले. हे तिघेही सीमेवरचे, तिघेही कॅथलिक आणि तिघांनाही जर्मन उत्तम येत होते. सीमेवरच्या माणसाला सीमा म्हणजे काय हे राजधानीतल्या माणसापेक्षा जास्त कळते. बेळगाव-निपाणीकडच्या वाचकांना हे समजावून सांगण्याची गरज नाही.


पिंपळपार

भाषा जुळल्याने कोळशाचे भांडण मिटत नाही. रूरच्या विक्री कार्यालयाचे काय झाले ते कोणी लिहिणार आहे का? माझ्या माहितीप्रमाणे सगळी बोलणी तिथेच अडकली होती.


जुनीवही

बरोबर, तोच सर्वांत कठीण अध्याय आहे आणि त्यात तुमच्या अमेरिकेचा हात पुरेपूर दिसतो.

रूरचा सगळा कोळसा एकाच सामाईक विक्री कार्यालयामार्फत विकला जात असे. कोणत्या गिऱ्हाइकाला किती, कोणत्या दर्जाचा आणि केव्हा, हे सगळे त्या एका दारातून ठरे. शिवाय पोलादाच्या मोठ्या कंपन्यांच्या मालकीच्याच खाणी होत्या, त्यामुळे टंचाईच्या काळात घरचा कोळसा आधी घरच्या भट्टीला मिळे. फ्रेंचांचे म्हणणे असे होते की सीमेवरचे शुल्क काढले तरी हे एक दार कायम राहिले तर लॉरेनच्या कारखानदाराने त्याच दारात हात जोडून उभे राहायचे. म्हणून उत्पादकसंघांना बंदी करणारी आणि मोठ्या विलीनीकरणांना परवानगी सक्तीची करणारी दोन कलमे करारात आली. कराराच्या अंतिम मजकुरात त्यांचे क्रमांक ६५ आणि ६६. त्यांचा मूळ खर्डा जर्मनीतले अमेरिकेचे उच्चायुक्त जॉन मॅक्लॉय यांच्याकडचे अमेरिकन कायदेतज्ज्ञ रॉबर्ट बोवी यांनी केला आणि मग फ्रेंच कायदेतज्ज्ञांनी त्याला युरोपीय करारांचा पेहराव चढवला. युरोपने उत्पादकसंघांवर आणलेली ही बंदी अमेरिकी मुशीतली आहे, हे बऱ्याच जणांना रुचत नाही, पण ते तसे आहे.

जर्मन उद्योग आणि कामगारसंघटना दोघेही विक्री कार्यालय मोडण्याच्या विरोधात होते. कामगारांचे म्हणणे असे की एकत्र विक्रीमुळे कमजोर खाणीही तगतात आणि रोजगार स्थिर राहतो. हिवाळाभर हे घोंगडे भिजत पडले. शेवटी मॅक्लॉय यांनी मार्च १९५१ मध्ये स्पष्ट केले की तुम्ही मान्य केले नाही तर व्यवस्थेचा आराखडा मित्रराष्ट्रे आपल्या अधिकारात लादतील. १४ मार्चला आडेनाउअर यांनी तडजोड स्वीकारली. विक्री कार्यालय टप्प्याटप्प्याने बंद व्हायचे होते आणि पोलाद कंपन्यांना आपल्या गरजेच्या ७५ टक्के कोळशापुरत्याच खाणी स्वतःकडे ठेवता येणार होत्या. हा ७५ चा आकडा पाहिला की वाटाघाटींचा वास येतो. तत्त्वाला असा आकडा कधी नसतो.

पाच आठवड्यांनी, १८ एप्रिल रोजी, आडेनाउअर चॅन्सेलर या नात्याने प्रथमच पॅरिसला आलेले असताना सह्या झाल्या. कराराची प्रत फ्रान्सच्या सरकारी छापखान्यात, हॉलंडच्या कागदावर, जर्मन शाईने छापली गेली होती आणि तिला इटलीच्या रेशमी फिती लावल्या होत्या. याद्या अशा पूर्ण झाल्या.


पिंपळपार

याद्या झाल्या, पण पाळल्या गेल्या का? एकच विक्री कार्यालय मोडून तिथे सहा संस्था उभ्या राहिल्या आणि त्या सहांच्या वर 'गेऑर्ग' नावाचे एक समन्वय कार्यालय बसले. बाटली बदलली, औषध तेच. उच्चाधिकरणाला त्याच्याशी पुढे वर्षानुवर्षे झगडावे लागले.

आणि फ्रान्स-जर्मनी सीमेवरच्या सार प्रदेशाचा उल्लेख अजून कोणीच केला नाही. तिथल्या कोळशासाठी फ्रान्सने तो प्रदेश आर्थिकदृष्ट्या आपल्याशी जोडून घेतला होता, आणि मार्च १९५० मधल्या सार करारांमुळे तर जर्मनीत संताप उसळला होता. मग शूमन योजनेत सारच्या वतीने सही कोणी करायची? फ्रान्सने केली तर जर्मनीने त्याचा हक्क मान्य केल्यासारखे होणार. हा गुंता करारात सुटलाच नाही. सह्यांच्या वेळी शूमन आणि आडेनाउअर यांनी एकमेकांना पत्रे दिली की या सहीचा अर्थ सारच्या भवितव्याविषयी कोणतीही कबुली असा घेऊ नये. २३ ऑक्टोबर १९५५ रोजी तिथल्या लोकांनी सारला वेगळा 'युरोपीय' दर्जा देण्याचा प्रस्ताव ६७.७ टक्के मतांनी धुडकावला आणि १९५७ च्या आरंभी सार जर्मनीत गेला. तेव्हा जो प्रश्न सुटत नाही त्याला पत्र लावून बाजूला ठेवणे, हीही या वाटाघाटींची एक पद्धत होती, हे तुमच्या दाखल्यात कुठे बसते?


ताळेबंद

बसते की. 'बाकीचे नंतर पाहू' असे म्हटल्याशिवाय कोणत्या याद्या पूर्ण झाल्या आहेत?


मोझेलकाठ

मी गेली अकरा वर्षे लक्झेंबर्गमध्ये राहते, त्यामुळे लहान देशांची बाजू मांडण्याचा मोह आवरत नाही. आतापर्यंतच्या चर्चेत पॅरिस आणि बॉनच मोठे दिसत आहेत.

मोने यांच्या मूळ कल्पनेत सरकारांना जवळजवळ जागाच नव्हती. उच्चाधिकरण निर्णय घेईल, आणि त्याला जाब विचारायला संसदीय सभा असेल, असा तो आराखडा होता. डच शिष्टमंडळाचे प्रमुख डिर्क स्पीरेनबर्ग यांनी पहिल्या आठवड्यांतच विचारले की उच्चाधिकरणाचे हे नऊ सदस्य आमच्या अर्थव्यवस्थेचे काय करतील यावर आमच्या मंत्र्यांचे लक्ष कोण ठेवणार? मोठ्या देशांचा दबाव तज्ज्ञांच्या मंडळावर आडून येतो. मंत्र्यांच्या मेजावर निदान तो दिसतो, असा त्या भूमिकेचा मथितार्थ होता. मोने यांना ही कल्पना मुळीच आवडली नव्हती, पण त्यांना ती स्वीकारावी लागली. मंत्रिपरिषद ही संस्था अशी जन्माला आली. आजही ब्रसेल्समध्ये आयोग आणि मंत्रिपरिषद यांच्यात जी रस्सीखेच चालते तिचे मूळ या १९५० च्या उन्हाळ्यात आहे. गंमत म्हणजे पुढे हेच स्पीरेनबर्ग उच्चाधिकरणाचे सदस्य झाले आणि दहा वर्षे तिथे राहिले. लक्झेंबर्गचे वाटाघाटीकार आल्बर्ट वेहरर यांचेही तेच झाले.

संसदीय सभेतल्या जागांचे वाटपही याच नजरेने पाहावे. फ्रान्स, जर्मनी, इटली यांना प्रत्येकी १८, बेल्जियम आणि नेदरलँड्सला १०, आणि आमच्या चिमुकल्या देशाला ४. एकूण ७८. लोकसंख्येच्या मानाने लक्झेंबर्गला हे घबाड होते, पण त्याच्या पोलादाचा विचार केला तर तसे म्हणता येत नाही, कारण या देशाचा सगळा संसार त्या काळी पोलादावर चालत होता. एशजवळच्या बेलव्हालच्या बंद पडलेल्या झोतभट्ट्या आता जपून ठेवल्या आहेत. त्यांच्या सावलीत विद्यापीठ उभे आहे, आणि संध्याकाळी विद्यार्थी तिथे कॉफी पीत बसलेले असतात.

आता शेवटच्या यादीविषयी, म्हणजे बिऱ्हाड कुठे करायचे याविषयी. करार झाला, सहा संसदांनी मंजूर केला, २३ जुलै १९५२ रोजी तो अमलात आला, आणि तरीही या संस्थांनी बसायचे कुठे हे ठरलेले नव्हते. त्याच आठवड्यात मंत्री पॅरिसला जमले. बेल्जियमच्या मंत्र्यांना घरून बजावून पाठवले होते की लीएजसाठीच अडून राहायचे. ब्रसेल्स सुचवले गेले असते तर कदाचित सगळे तयार झाले असते, पण त्याची त्यांना मुभा नव्हती. डचांना हेग हवे होते, इटलीने तुरिन पुढे केले, फ्रान्सने स्ट्रासबुर्ग. रात्रभर कोणी हटेना. पहाटे, सगळे थकून गेलेले असताना, लक्झेंबर्गचे योसेफ बेश यांनी सांगितले की काम लगेच सुरू व्हावे म्हणून तात्पुरते आमच्याकडे या. 'तात्पुरते' या शब्दावर कोणाला हरकत घेता आली नाही. संसदीय सभेसाठी पुरेसे मोठे सभागृह इथे नव्हते, म्हणून तिच्या बैठका स्ट्रासबुर्गला गेल्या. युरोपीय संसदेचे सामान दर महिन्याला पेट्यांत भरून त्या शहरात हलवावे लागते त्याची सुरुवातही त्या पहाटेचीच.

१० ऑगस्ट १९५२ रोजी उच्चाधिकरणाची पहिली बैठक इथल्या नगरभवनात भरली, मोने अध्यक्षस्थानी होते. मग कचेऱ्या रेल्वेच्या जुन्या मुख्यालयात, मेट्झ चौकात थाटल्या गेल्या. याच कराराच्या न्यायालयाला व्हिला व्होबां नावाचा एक बंगला मिळाला, तिथे आता चित्रांचे संग्रहालय आहे. मेट्झ चौकातली ती दगडी इमारत कामावर जाताना ट्रामच्या खिडकीतून मला रोज दिसते. न्यायालय तेवढे किर्शबर्गच्या टेकडीवर हलले; शहर मात्र त्याने अजून सोडलेले नाही.